मोटारीच्या अदृश्य धुराचा जमाखर्च

व्यापाऱ्याची वही ज्यानें जवळून पाहिली आहे त्याला ठाऊक असतें कीं, नुसत्या शेवटच्या बेरजेवरून दुकानाची खरी स्थिति कळत नाहीं. रक्कम कोणत्या सदराखालीं लिहिली आहे, ती कोणाच्या नांवें मांडली आहे, आणि कोणती रक्कम मुळींच मांडलेली नाहीं, हें पाहावें लागतें. दुकानांतील दिवाबत्तीचा खर्च काटेकोरपणें लिहावा आणि पेढ्यांचें मोठें देणें वहीबाहेर ठेवावें, असा व्यवहार कोणी केला तर त्याची वही स्वच्छ दिसेल. परंतु ती खरी असणार नाहीं. मोटारी तयार करणारे मोठमोठे कारखाने अलीकडे अशाच एका नव्या प्रकारची वही ठेवूं लागले आहेत. तिच्यांत रुपये-पैसे नसतात. हवेंत सोडलेल्या कांहीं विशिष्ट वायूंचें वजन टनांच्या हिशेबानें लिहिलेलें असतें. शहरांतील पुष्कळ कुटुंबांच्या दारांत आज मोटार उभी असते, कित्येकांच्या कपाटांत मोटार-कंपन्यांचे भागहि असतात. "आमचा कारखाना आतां हवेस निरुपद्रवी झाला आहे" अशी जाहिरात त्यांच्या दृष्टीस पडते, तेव्हां तिचा अर्थ किती घ्यावयाचा हें ती वही वाचतां आल्याखेरीज ठरवितां येत नाहीं.

प्रथम हे वायु कोणते हें पाहणें अवश्य आहे. सूर्याचा प्रकाश वातावरणांतून सहज खालीं उतरतो आणि जमीन तापते. तापलेली जमीन ती उष्णता अदृश्य किरणांच्या रूपानें पुन्हां वर सोडते. वातावरणांतील कांहीं वायु ह्या परतणाऱ्या उष्णतेपैकीं बराच भाग शोषून अडवून धरतात. थंड देशांत रोपें वाढविण्यासाठीं कांचेचीं घरें बांधतात, त्यांवरून ह्या वायूंना 'हरितगृह वायु' हें नांव मिळालें. १८५६ सालीं अमेरिकेंतील युनिस फूट ह्या विदुषीनें कांचेच्या नळ्यांत निरनिराळे वायु भरून त्या उन्हांत ठेविल्या, आणि कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी सर्वांत अधिक तापते असें दाखविलें. हाच जुन्या शालेय पुस्तकांतील कर्बाम्ल वायु. १८५९ सालीं लंडन येथें जॉन टिंडॉल ह्यांनीं अशा वायूंचें उष्णता-शोषण प्रयोगानें मोजलें. १८९६ सालीं स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस ह्यांनीं, हवेंतील हा वायु वाढल्यास पृथ्वी किती तापेल ह्याचें गणित मांडलें. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारें २८० भाग असत. १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हां ते सुमारें ३१५ होते, आणि २०२४ सालीं ते ४२० च्या वर गेले.

आंतरराष्ट्रीय हिशेबांत असे सात वायु धरले जातात. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे तीन परिचित. उरलेले चार फ्लोरीनयुक्त असून ते मुख्यतः कारखान्यांत व शीतयंत्रांत वापरले जातात. ह्यांपैकीं कांहींची उष्णता अडविण्याची शक्ति कार्बन डायऑक्साइडच्या हजारोंपट असते. म्हणून, निरनिराळ्या देशांचीं नाणीं रुपयांत बदलून मग बेरीज करावी त्याप्रमाणें, प्रत्येक वायूचें वजन त्याच्या शक्तीनें गुणून 'इतक्या टन कार्बन डायऑक्साइडइतकें' असें लिहिण्याची पद्धति आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोटारीच्या नळींतून निघणारा काळा धूर आणि हे वायु ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. काजळी, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड हीं द्रव्यें श्वासावाटे मनुष्यास अपाय करतात. भारतांत १ एप्रिल २०२० पासून लागू झालेला 'भारत स्टेज सहा' हा नियम मुख्यतः त्यांच्यासाठीं आहे. २०१५ सालीं फोक्सवॅगन कंपनीच्या डीझेल गाड्यांविषयीं अमेरिकेंत जें प्रकरण उघडकीस आलें, तेंहि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचें होतें. रस्त्यावरील केंद्रांत पीयूसीचा जो दाखला मिळतो, त्यांतहि कार्बन डायऑक्साइडला मर्यादा घातलेली नसते. हा वायु रंगहीन व गंधहीन आहे. इंजिन कितीहि सुस्थितींत असो, पेट्रोल पूर्णपणें जळलें म्हणजे तो निघणारच. किंबहुना ज्वलन जितकें पूर्ण तितका तो अधिक. त्यामुळें दाखला खिशांत असलेला गृहस्थ स्वच्छ गाडी चालवितो हें खरें असलें, तरी पृथ्वीच्या उष्णतेच्या हिशेबांत त्याच्या नांवें कांहींच पडत नाहीं असें नव्हे.

किती पडतें, हें पाटीवर करून पाहण्यासारखें गणित आहे. एक लिटर पेट्रोलचें वजन सुमारें ७४० ग्रॅम. त्यांत सुमारें ६३० ग्रॅम कार्बन असतो. जळतांना कार्बनचे १२ भाग हवेंतील प्राणवायूच्या ३२ भागांशीं संयोग पावतात आणि ४४ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे ६३० ग्रॅम कार्बनपासून सुमारें २,३०० ग्रॅम, सव्वादोन किलोहून थोडा अधिक, वायु निर्माण होतो. पाऊण किलोच्या द्रवांतून त्याच्या तिप्पट वजनाचा वायु निघतो ह्यांत चमत्कार नाहीं. जास्तीचें वजन प्राणवायूचें असतें. आतां एखादें कुटुंब महिन्यास १,००० किलोमीटर गाडी फिरवितें आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर धांवते असें समजावें. वर्षाला ८०० लिटर पेट्रोल लागेल आणि १,८४० किलो वायु हवेंत जाईल. गाडी १५ वर्षें चालली तर १२,००० लिटर पेट्रोल आणि साडेसत्तावीस टनांहून अधिक वायु, असा हिशेब होतो. स्वतः गाडीचें वजन मात्र टन-सव्वाटन असतें.

हा साडेसत्तावीस टनांचा बोजा कोणाचा? पेट्रोल जाळणाऱ्या कुटुंबाचा, तें शुद्ध करून विकणाऱ्या तेल-कंपनीचा, कीं लिटरला पंधराच किलोमीटर धांवणारी गाडी बनविणाऱ्या कारखान्याचा? ह्या प्रश्नावर वर्षानुवर्षें केवळ वाद घालीत बसण्याऐवजीं हिशेबाची एक सामाईक रीत ठरवावी, ह्या हेतूनें वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि शाश्वत विकासासाठीं स्थापन झालेलें जागतिक उद्योगमंडळ ह्या दोन संस्थांनीं मिळून २००१ सालीं एक नियमपुस्तक प्रसिद्ध केलें. त्याची सुधारलेली आवृत्ति २००४ सालीं निघाली. त्यांत प्रत्येक कंपनीच्या उत्सर्जनाचे तीन वर्ग पाडले आहेत. इंग्रजींत त्यांस 'स्कोप' म्हणतात. मराठींत त्यांना कक्षा म्हणतां येईल.

पहिली कक्षा म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या मालकीच्या भट्ट्यांतून, बॉयलरांतून व वाहनांतून जें प्रत्यक्ष बाहेर पडतें तें. मोटारीच्या कारखान्यांत गाडीच्या सांगाड्यावर रंग चढवितात व तो सुमारें १४० ते १८० अंश उष्णतेच्या लांबलचक भट्टींतून नेऊन पक्का करतात. रंगाच्या खात्यांत हवा सतत गाळावी लागते, गरम करावी लागते, बाहेर टाकावी लागते. त्यामुळें जुळणीच्या कारखान्यांत सर्वांत अधिक ऊर्जा बहुधा ह्याच खात्यांत खर्च होते. त्यासाठीं जळणारा गॅस पहिल्या कक्षेंत मोडतो. ओतकामाची भट्टी, चांचणीसाठीं मैदानांत धांवणाऱ्या गाड्या, वातानुकूलनाचा वायु भरतांना होणारी गळती, हींहि तिच्यांतच येतात. मॅग्नेशियमचें ओतकाम करतांना वितळलेल्या धातूला आग लागूं नये म्हणून जेथें सल्फर हेक्झाफ्लुराइडचें आवरण देतात, तेथें विशेष दक्षता लागते. कारण त्या एका किलोची उष्णता अडविण्याची शक्ति, शंभर वर्षांच्या हिशेबानें, कार्बन डायऑक्साइडच्या तेवीस हजार किलोइतकी धरतात.

दुसरी कक्षा विकत घेतलेल्या विजेची व वाफेची. चाकणच्या कारखान्यांत यंत्रमानव सांधे जोडतो तेव्हां तेथें धूर दिसत नाहीं; परंतु ती वीज चंद्रपूरच्या कोळशापासून आलेली असेल तर धूर चंद्रपुरास झालेला असतो, आणि कोयनेच्या पाण्यापासून आलेली असेल तर जवळजवळ मुळींच झालेला नसतो. तारेंत मात्र दोन्ही विजा एक होतात. म्हणून २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेप्रमाणें कंपनीनें दोन आंकडे द्यावयाचे असतात. एक, त्या प्रदेशांतील एकंदर विजेच्या सरासरीवरून काढलेला. दुसरा, कंपनीनें वाऱ्याची किंवा सूर्याची वीज घेण्याचे जे करार केले असतील अथवा दाखले विकत घेतले असतील ते जमेस धरून काढलेला. जाहिरातींत बहुधा दुसरा आंकडा झळकतो, कारण तो लहान असतो. तो खोटा नव्हे. पण शेजारीं पहिला ठेवूनच तो वाचावा. ह्या दोन कक्षांत कारखान्यांनीं केलेले प्रयत्न तुच्छ मानण्याचें मात्र कारण नाहीं. उदाहरणार्थ, महिंद्र अँड महिंद्र कंपनीनें २०१६ सालीं आपल्या उत्सर्जनावर आपणच दर टनास १० डॉलर असा अंतर्गत आकार धरून गुंतवणुकीचे निर्णय घेण्याचें ठरविलें. अशा उपायांनीं बचतीच्या पुष्कळ योजना मार्गीं लागतात.

तिसरी कक्षा म्हणजे बाकीचें सर्व: कंपनीच्या दाराबाहेर, परंतु कंपनीच्या धंद्यामुळें होणारें. तिच्यासाठीं २०११ सालीं स्वतंत्र नियमपुस्तक झालें व तिच्यांत पंधरा उपवर्ग केले गेले. पहिले आठ कारखान्याच्या अलीकडचे: विकत घेतलेला माल व सेवा, यंत्रसामग्री व इमारती, इंधन व वीज तयार करण्यापूर्वींची खटपट, माल आणण्याची वाहतूक, कचरा, कामानिमित्तचे प्रवास, कामगारांचें जाणेंयेणें, आणि भाड्यानें घेतलेल्या जागा. पुढचे सात कारखान्याच्या पलीकडचे: माल पोंचविण्याची वाहतूक, विकलेल्या मालावर इतरांनीं केलेली प्रक्रिया, त्याचा वापर, त्याची अखेरची विल्हेवाट, भाड्यानें दिलेली मालमत्ता, नांवाच्या परवान्यावर चालणारीं दुकानें, आणि गुंतवणुकी. मोटारीच्या धंद्यांत ह्यांपैकीं दोन उपवर्ग इतरांना झांकून टाकतात. एक पहिला, म्हणजे पोलाद, ॲल्युमिनियम, कांच, रबर व बॅटरी ह्यांचा. दुसरा अकरावा, म्हणजे विकलेल्या गाडीच्या वापराचा.

प्रमाण ध्यानांत आल्याखेरीज ह्या वर्गीकरणाचें महत्त्व पटत नाहीं. मोठ्या मोटार-कंपन्यांच्या अहवालांत साधारणतः असें आढळतें कीं, पहिली व दुसरी कक्षा मिळून एकूण उत्सर्जनाच्या शंभर भागांपैकीं दोन-चारच भाग होतात. अकरावा उपवर्ग एकटाच बहुधा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक असतो, आणि उरलेला बहुतेक भाग विकत घेतलेल्या मालाचा. वर केलेलें गणित आठवलें तर ह्यांत आश्चर्य वाटणार नाहीं. कारखान्याच्या छपरावर सूर्याच्या विजेचीं तावदानें बसविलीं, दिवे बदलले, भट्टी सुधारली, आणि पहिल्या दोन कक्षांचा आंकडा शून्यावर आला. तरी त्या वर्षीं दारांतून बाहेर पडलेल्या लक्षावधि गाड्या पुढें पंधरा वर्षें जें जाळणार, त्याला त्यानें धक्काहि लागत नाहीं. निरुपद्रवी झालेला असतो तो कारखाना, गाडी नव्हे.

ह्याहून सूक्ष्म गोष्ट अशी कीं, एका कक्षेंतून बोजा उचलून दुसरींत ठेवणें फार सोपें आहे. समजा, एखादी कंपनी इंजिनाचे ठोकळे आपल्याच भट्टींत ओतीत होती. ती भट्टी तिनें बंद केली आणि तेच ठोकळे कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगांव येथील ओतशाळांतून विकत घेण्यास प्रारंभ केला. तिची पहिली कक्षा एका वर्षांत घसरेल. प्रत्यक्षांत लोखंड तितकेंच वितळलें, कोक तितकाच जळला. फक्त तो आतां मालपुरवठादाराच्या पहिल्या कक्षेंत व कंपनीच्या तिसऱ्या कक्षेंतील पहिल्या उपवर्गांत गेला. हा डाव ओळखूनच नियमपुस्तकांत, अशा मोठ्या फेरबदलानंतर तुलनेसाठीं धरलेल्या आधारवर्षाचा आंकडा पुन्हां मांडावा, असें सांगितलें आहे. ह्याची दुसरीहि बाजू आहे. मोठी कंपनी आपली तिसरी कक्षा कमी करूं लागली म्हणजे ती ओतशाळेकडे उत्सर्जनाचा हिशेब मागते. कोकची भट्टी काढून विजेची बसविण्यास भांडवल लागतें, हिशेब ठेवण्यास जाणकार मनुष्य लागतो. हा खर्च मोठ्या कंपनीनें मालाच्या दरांत दिला नाहीं, तर स्वच्छतेचें श्रेय एकाचें आणि तोटा दुसऱ्याचा, असा प्रकार होईल. वर्गीकरणानें बोजा कोठें आहे तें दिसतें. तो कोणीं उचलावा हें माणसांनींच ठरवावें लागतें.

अकरावा उपवर्ग सर्वांत मोठा, आणि सर्वांत अधिक अंदाजावर अवलंबून असलेलाहि तोच. गाडी विकली त्याच वर्षाच्या वहींत तिच्या सर्व आयुष्याचें उत्सर्जन एकदम लिहावयाचें असतें. ती गाडी किती धांवेल? कोणी कंपनी दीड लक्ष किलोमीटर धरते, कोणी दोन लक्ष. एवढ्या एका फरकानें आंकडा तृतीयांशानें बदलतो. दर किलोमीटरला ती किती इंधन पिईल? प्रयोगशाळेंतील रुळांवर ठराविक वेगानें धांवविलेल्या गाडीचा आंकडा आणि चढउतार, गर्दी, थांबणेंचालणें, वातानुकूलन ह्यांसह रस्त्यावर येणारा आंकडा एक नसतो. युरोपांत जुन्या चांचणीपद्धतींत ही तफावत इतकी वाढली कीं, २०१५ सालच्या सुमारास नव्या गाड्या सांगितल्यापेक्षां सरासरीनें सुमारें ४० टक्के अधिक इंधन खात असल्याचें स्वतंत्र तपासणींत आढळलें; २०१७ पासून तेथें अधिक कडक पद्धति आली. म्हणून दोन कंपन्यांच्या आंकड्यांची तुलना करण्यापूर्वीं गृहीत धरलेलें अंतर आणि चांचणीची पद्धति पाहावी. शिवाय पेट्रोल विहिरींतून काढणें, वाहणें व शुद्ध करणें ह्यांसाठीं सुमारें पांचव्या हिश्शाइतकें उत्सर्जन आणखी होतें. कांहीं अहवालांत तें धरलेलें असतें, कांहींत नसतें.

विजेच्या मोटारीमुळें ह्या वर्गांची खरी परीक्षा होते. तिला धुराची नळीच नाहीं. युरोपीय संघाच्या नियमांत गाड्यांची सरासरी काढतांना तिचा आंकडा शून्य ग्रॅम धरतात, कारण तेथें फक्त नळींतून निघणारें मोजतात. परंतु तीन कक्षांच्या वहींत तिच्यासाठीं लागणारी वीज अकराव्या उपवर्गांत लिहावीच लागते. भारतांतील एक युनिट विजेमागें सरासरीनें सुमारें ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण २०२३-२४ सालींहि देशांतील सुमारें तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून झालेली होती. वर वर्णिलेल्या कुटुंबानें विजेची लहान गाडी घेतली, आणि ती एका युनिटांत सहा किलोमीटर धांवली, तर वर्षाला २,००० युनिटें व सुमारें १,४०० किलो वायु होतो. तारांतून होणारी गळती धरली तर तो १,७०० किलोच्या जवळ जातो. पेट्रोलच्या गाडीचा आंकडा, इंधन शुद्ध करण्याचा हिस्सा धरून, २,२०० किलो. म्हणजे वर्षाकांठीं सुमारें ५०० किलोंची बचत. परंतु ३० युनिटांची बॅटरी तयार करण्यांतच दोन-अडीच टन उत्सर्जन झालेलें असतें. तें फेडण्यास ह्या हिशेबानें पांच वर्षें लागतात. त्याच घराच्या छपरावर सूर्याची वीज होत असेल व गाडी तिच्यावरच चालत असेल, तर तेंच देणें वर्ष-सव्वावर्षांत फिटतें. विजेची गाडी शून्याची नव्हे, आणि निरर्थकहि नव्हे. तिच्या ठायीं एक गुण असा आहे कीं, देशांतील वीज जसजशी स्वच्छ होईल, तसतशी कालपरवां विकत घेतलेली गाडीहि आपोआप स्वच्छ होत जाते. पेट्रोलच्या गाडीला हें भाग्य लाभत नाहीं.

बाकीच्या उपवर्गांकडेहि दुर्लक्ष करून चालत नाहीं. भट्टींत दगडी कोळशावर तयार होणाऱ्या एक टन पोलादामागें सुमारें दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि एका मोटारींत सरासरीनें सुमारें ९०० किलो पोलाद असतें. भंगाराचें ॲल्युमिनियम पुन्हां वितळविण्यास खनिजापासून नवें करण्याच्या सुमारें वीसांश ऊर्जा पुरते. म्हणून बाराव्या उपवर्गांतील विल्हेवाट नीट झाली, तर पुढच्या गाडीच्या पहिल्या उपवर्गाचा भार हलका होतो. तसेंच वातानुकूलनाच्या वायूचें आहे. पुष्कळ गाड्यांत अजून वापरांत असलेल्या आर-१३४ए ह्या वायूची शक्ति कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १,३०० पट धरतात. एका गाडींत तो अर्धा किलो असतो. तो सर्व गळून गेला, तर सुमारें ६५० किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जवळजवळ २८० लिटर पेट्रोल जाळल्याइतकें झालें. युरोपांत २०१७ पासून नव्या मोटारींत असे तीव्र वायु भरण्यास बंदी आहे. ज्या कुटुंबाच्या गाडींत दर उन्हाळ्यांत 'गॅस भरून' घ्यावा लागतो, त्यानें कारागिराकडून आधीं गळती शोधून घ्यावी. त्यांत त्याचा पैसाहि वांचतो.

ह्या वहीवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. ओतशाळेची पहिली कक्षा तीच मोटार-कंपनीची तिसरी, वीजकेंद्राची पहिली तीच तिची दुसरी. तर एकच टन दोनदां-तीनदां मोजला जात नाहीं काय? जातो, आणि तो जाणूनबुजून मोजला जातो. देशाच्या एकूण उत्सर्जनासाठीं सर्व कंपन्यांचे सर्व आंकडे मिळविले, तर बेरीज चुकेल हें खरें. त्यासाठीं हे आंकडे नाहींतच. एका अपघातास रस्ता, चालक व गाडी ही तिन्ही कारणें असूं शकतात, आणि तिघांची चौकशी केली म्हणून अपघात तीन होत नाहींत. ज्याच्या हातांत जें आहे तें त्याच्या वहींत दिसावें, इतकाच येथें उद्देश. कुटुंब इंजिनाची रचना बदलूं शकत नाहीं; कंपनी बदलूं शकते. कंपनी घराघरांतील गाडी किती फिरावी हें ठरवूं शकत नाहीं. कुटुंब ठरवूं शकतें.

कायद्याची स्थिति मात्र अजून ह्या प्रमाणाशीं जुळलेली नाहीं. भारतांत कंपनीनें वर्षांत विकलेल्या प्रवासी मोटारींची सरासरी काढून तीवर मर्यादा घालण्याचा नियम २०१७-१८ पासून आहे. प्रथम ती मर्यादा दर किलोमीटरला सुमारें १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होती. २०२२-२३ पासून ती सुमारें ११३ ग्रॅम झाली. हा नियम अकराव्या उपवर्गाच्या गाभ्याला हात घालतो; पण तो सरासरीवर आहे. अहवालाच्या बाबतींत, रोख्यांच्या बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी ह्या संस्थेनें २०२१ सालीं नवा नमुना ठरविला आणि बाजारमूल्यानें पहिल्या १,००० कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक केला. त्या नमुन्यांत पहिली व दुसरी कक्षा आवश्यक माहितींत घातली, आणि तिसरी ऐच्छिक माहितींत. एखाद्या कापडगिरणीला हें कदाचित् पुरेसें असेल. मोटार-कंपनीच्या बाबतींत मात्र त्याचा अर्थ असा होतो कीं, शंभरांतील दोन-चार भाग सक्तीनें सांगावयाचे आणि उरलेले इच्छा असेल तर. कित्येक कंपन्या तें स्वेच्छेनें सांगतात, हें त्यांना भूषणावह आहे. परंतु जें ऐच्छिक असतें त्यांतील कोणता उपवर्ग घेतला, कोणता वगळला, हें वाचणाऱ्यालाच पाहावें लागतें.

तें पाहणारे वाचक पुष्कळ असूं शकतात. मोटार-कंपन्यांचे भाग हजारों मध्यमवर्गीय घरांत आहेत, आणि दर वर्षीं त्यांना वार्षिक अहवाल मिळतो. नफ्याचें पान बहुतेक जण उलटतात. उत्सर्जनाचें पान क्वचितच कोणी उघडतो. तेथें चार गोष्टी तपासाव्या. सांगितलेली घट कोणत्या कक्षेंतील आहे? तिसऱ्या कक्षेंत अकरावा उपवर्ग धरला आहे काय, आणि धरला असल्यास गाडी किती किलोमीटर धांवेल असें मानलें आहे? आंकडा दर गाडीमागें आहे कीं एकूण. कारण दर गाडीमागें दहा टक्के कमी झालें आणि गाड्या वीस टक्के अधिक विकल्या, तर हवेंत पूर्वींपेक्षां जास्तच जातें. आणि आधारवर्षानंतर कंपनीनें कोणतें काम बाहेर देऊं केलें आहे काय? ह्यांतील ज्या प्रश्नाचें उत्तर अहवालांत सांपडणार नाहीं, तो भागधारकांच्या वार्षिक सभेंत उभें राहून विचारतां येतो. तसा अधिकार लहानांतल्या लहान भागधारकालाहि आहे, आणि त्या उत्तराची नोंद ठेवणें कंपनीला टाळतां येण्यासारखें नसतें असें प्रश्नकर्त्यांची संख्या वाढली म्हणजेच होईल.